पत्र्याच्या गालावरची खळी

चंद्रपुरात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. दरवाजे, ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे आम्ही करतो. आज मी तुम्हाला पत्र्याला पाडायच्या भोकांविषयी सांगणार आहे. विषय ऐकून हसू येईल, पण या भोकांनी मला एक धडा शिकवला आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला भामरागड आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा तिथे संगम होतो. पर्लकोटेला पूर आला की आजूबाजूच्या गावांचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षांचे दुखणे आहे. अशा वेळी आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बाजेवर घालून, चौघांच्या खांद्यावरून नाले ओलांडत दवाखान्यापर्यंत न्यावे लागते. त्या भागातल्या एका ओळखीच्या माणसाने मला स्ट्रेचर करून मागितले. मी मोठ्या हौसेने केले. बाजूला पाइप आणि आडव्या तीन मिलिमीटर जाडीच्या पाच पट्ट्या. एकदम मजबूत! त्याने एक टोक उचलून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हे तं बाजेपेक्षा जड आहे. माणूस केव्हा उचलाचा?"

मी खाली मान घातली. वजन केले तर बावीस किलो भरले.

वजन कमी करायचे तर पत्रा पातळ घ्यावा. पण इथे एक मेख आहे. पत्र्याची जाडी निम्मी केली की त्याचा ताठपणा निम्मा उरत नाही, आठवा हिस्सा उरतो. मी सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरचा पत्रा घेतला, वर आणखी हलका व्हावा म्हणून त्याला भोके पाडली आणि रेतीची पोती ठेवून पाहिली. पट्टी पापडासारखी मुरगळली.

तेव्हा एका जुन्या टर्नरने मला डिंपल डाय दाखवली. डिंपल म्हणजे गालावरची खळी. ही डाय दोन भागांची असते. नराच्या पुढच्या टोकाला भोकात नेमका बसणारा गोल भाग आणि त्यामागे उतरता खांदा. मादीला तसाच उतरता खळगा. आधी पत्र्याला गोल भोक पाडायचे, दोन्ही बाजूंनी डाय लावायची आणि प्रेसमध्ये दाबायची. भोकाचा काठ गोलाकार वळून एका बाजूला उचलला जातो. बस, एवढेच.

एवढ्याने काय होते? घरातली स्टीलची थाळी पाहा. कांठ नसता तर ती हातात लवलवली असती. छपराच्या पत्र्याला पन्हळी असतात त्याही याचसाठी. सपाट पत्रा सहज वाकतो. त्याचा काही भाग सपाटीतून वर उचलला की तो वाकायला कुरकुरतो. विमानाच्या पंखांतल्या बरगड्यांनाही अशीच काठ वळवलेली भोके असतात. मात्र गैरसमज नको. जे लोखंड काढले ते गेलेच. नुसते भोक पत्र्याला दुबळेच करते. बळ येते ते वळलेल्या काठाने.

मी ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून लेथवर डाय काढून घेतली. वीस टनी जॅकची प्रेस होतीच. प्रत्येक पट्टीच्या लांब कडा दुमडल्या, मध्ये तीन इंची चार भोके दाबली. सोळा गेजमध्ये असे एक भोक सुमारे ५७ ग्रॅम लोखंड कमी करते. पावणेदोन किलोची पट्टी एक किलोवर आली. पाच पट्ट्यांत पावणेचार किलो वाचले. पोती रात्रभर ठेवली. पट्टी हलली नाही.

इथे माझी गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्ट्रेचर परत आले. एका भोकाच्या काठाला नखाएवढी चीर होती. गावातल्या एका पोराला ती धुताना दिसली, म्हणून अनर्थ टळला. चूक माझी होती. काठ वळताना धातू ताणला जातो. भोकाच्या कडेला बर किंवा खाच राहिली असेल, तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून दाबण्याआधी प्रत्येक भोक कानशीने घासून गुळगुळीत करायचे असते. शेवटच्या पट्टीला मी घाईत ते केले नव्हते. दोन मिनिटे वाचवली होती मी! त्या दोन मिनिटांवर नाल्याच्या मध्यभागी कोणाचा तरी जीव लोंबकळला असता.

पाचही पट्ट्या मी नव्याने करून दिल्या. त्याने पैसे विचारले, मी घेतले नाहीत. तेव्हापासून वर्कशॉपमधल्या पोरांना एक नियम आहे. भोक पाडल्यावर आत बोट फिरवून पाहायचे, पण आधी कानस आणि मगच बोट. नाहीतर रक्त निघेल. आणि प्रेसचा दांडा हातात असताना दुसऱ्याने डायजवळ हात न्यायचा नाही.

चीर गेलेली ती पट्टी मी फेकली नाही. प्रेसच्या वर खिळ्याला टांगली आहे. नवीन पोरगा आला की विचारतो, "काका, ही भंगारात का नाही टाकली?" मग मी त्याला पर्लकोटेची गोष्ट सांगतो आणि हातात कानस देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)