ठाणे मतदारसंघ : शेतापासून सदनिकेपर्यंत

(घोडबंदर रोड परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माजिवड्याहून गायमुखाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आज आपण जमलो आहोत. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही नावे आता बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची वाटतात. मुळात ती गावांची व पाड्यांची आहेत. ठाणे लोकसभा मतदारसंघाचा इतिहास समजून घ्यायचा, तर ही जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे आधी पाहावे लागेल. केवळ निकालांची यादी पाठ करून तो हाती लागणार नाही.

१९५२ साली येथे काँग्रेस विजयी झाली. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेत गेले. लाट होती हे खरेच. परंतु १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वारली आदिवासींमध्ये वेठबिगारीविरुद्ध उभे केलेले काम त्या विजयाच्या पाठीशी होते. तेव्हाचा मतदार प्रामुख्याने कूळ, शेतमजूर आणि आदिवासी होता. १९६२ साली काँग्रेसच्या सोनूभाऊ बसवंतांनी ही जागा परत मिळवली. १९६७ व १९७१ च्या निवडणुकांत जिल्ह्यातील मतदारसंघ भिवंडी आणि डहाणू या नावांनी ओळखले गेले.

मधल्या काळात मतदार बदलत होता. १९६२ मध्ये वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला, आणि गिरणगावातून व कोकणातून आलेला मराठी कामगार-कारकून येथे स्थिरावला. हा वर्ग खरे तर आपला. पण १९६७ साली ठाण्याची नगरपालिका शिवसेनेच्या हाती गेली. ती त्या संघटनेची पहिली सत्ता. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रजा समाजवादी पक्षाने तिच्याशी निवडणूक समझोता केला. नोकरीचा प्रश्न भाषेच्या अंगाने मांडणाऱ्यांशी हातमिळवणी करताना आपण वर्गाची भाषा बाजूला ठेवली, हे आज मान्य केले पाहिजे.

१९७७ साली मी महाविद्यालयात होतो. भिंती रंगवण्यापासून मतपत्रिका मोजण्याच्या रात्रीपर्यंतचा तो उत्साह मी विसरलेलो नाही. जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून निवडून आले. अभ्यासू, आणि मतदारांना आपल्या कामाचा हिशेब देणारे प्रतिनिधी म्हणून त्यांचा लौकिक होता. तो विरोधकांनीही नाकारला नाही. परंतु त्या विजयाचा संघटनात्मक लाभ कोणाला झाला? आपण आपला पक्ष जनता पक्षात विसर्जित केला. संघाने आपली एकही शाखा विसर्जित केली नाही. १९८० साली काँग्रेसची लाट असतानाही म्हाळगी पुन्हा विजयी झाले. १९८२ साली त्यांचे निधन झाल्यावर पोटनिवडणूक भारतीय जनता पक्षाच्या जगन्नाथ पाटलांनी जिंकली. १९८४ चा शांताराम घोलपांचा काँग्रेस-विजय वगळता पुढची वाट ठरून गेली : १९८९ व १९९१ मध्ये राम कापसे, आणि १९९६ पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा शिवसेनेचे प्रकाश परांजपे.

याच वर्षांत कारखाने बंद पडत होते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू दुर्बलांना घरे मिळावीत असा होता. सवलतींच्या कलमांनी तो पोखरला गेला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो रद्दच केला. कारखान्याच्या जागी मनोरे उठले. ज्या कामगाराने प्रवेशद्वारावर सभा घेतल्या, त्याचा मुलगा त्याच प्रवेशद्वारावर कंत्राटी रखवालदार झाला. त्याच्यासाठी आपण कोणती सभा घेतली?

२००८ च्या पुनर्रचनेने कल्याण वेगळा झाला. आजच्या ठाणे मतदारसंघात नवी मुंबई व मीरा-भाईंदर येतात. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत असूनही लोकसभेला कल्याणात मतदान करतात. ठाण्याच्या पाण्याचा मोठा वाटा भातसा नदीतून येतो. ते धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तो भिवंडी मतदारसंघात. तिथल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि घोडबंदरच्या संकुलांनाही टँकरच लागतो. दोन्हीकडचे रिकामे हंडे दोन वेगळ्या खासदारांच्या दारी जातात, म्हणून ते कधी एकत्र वाजत नाहीत.

२००९ साली राष्ट्रवादीचे संजीव नाईक विजयी झाले. त्या वेळी निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहिले होते. २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे राजन विचारे निवडून आले. २०२४ साली दोन शिवसेना समोरासमोर आल्या आणि नरेश म्हस्के दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. निष्ठा कोणाची खरी, यावर ती निवडणूक लढली गेली. पाणी, भाडे आणि रोजंदारी हे विषय व्यासपीठाखालीच राहिले.

कोणी म्हणेल, सदनिकाधारक मध्यमवर्ग आपले ऐकणार नाही. कदाचित नाही ऐकणार. पण प्रत्येक संकुलात सकाळी शिरणाऱ्या घरकामगार स्त्रिया, रखवालदार आणि वाहनचालक यांची मोजणी आपल्यापैकी किती जणांनी केली आहे? खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, घरेलू कामगारांसाठी २००८ चा आहे. नोंदणीचे अर्ज भरून देणे हे काम लहान दिसते. परुळेकरांचे कामही एका पाड्यापासूनच सुरू झाले होते. आणि टँकरचे बिल भरणारा सदनिकाधारक पाण्याच्या प्रश्नावर तरी शहापूरच्या शेतकऱ्यासोबत बसू शकतो.

उमेदवार कोण, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबू शकेल. येत्या रविवारी नोंदणीसाठी कोणी कोणत्या पाड्यावर जायचे, एवढे ठरवूनच आज आपण उठावे, ही माझी विनंती आहे.