ताटाची डावी बाजू

आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे भाजी, आमटी. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका बसलेला माणूस कधीकधी उजवी बाजू चाटूनपुसून संपवतो आणि “चटणी वाढलीच नाही,” म्हणून कुरकुरतो. ताट फिरवा, लगेच खातो! डोळे शाबूत असतात; डावी बाजू जाणिवेतच शिरत नाही. काही जण दाढीसुद्धा अर्धीच करतात. घरच्यांना तो हट्ट वाटतो. हट्ट नसतो हो तो.

आठवणीतही हेच. १९७८ साली बिझियाक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी दोन रुग्णांना मिलानमधला कॅथेड्रलसमोरचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड असल्याची कल्पना केली, तेव्हा उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. कल्पनेतच पाठ फिरवली, तर मघाशी गाळलेल्या आठवल्या, सांगितलेल्या गळाल्या!

म्हणजे पुण्याजवळच्या सूसच्या एखाद्या आजोबांनी पाषाणहून घरी येतानाची फक्त उजव्या हाताची दुकानं सांगावीत आणि जातानाची नेमकी उरलेली, तसंच.

अशा रुग्णांच्या वाचनाच्या सरावात पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढतात. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ सुरू करायची.