नवजात बालकांची शुश्रूषा : सुधारणा आणि जबाबदारी

रुग्णालयातील एखादी पद्धत बदलली की तिला सुधारणा म्हणण्याची घाई होते. हेतू चांगला होता, एवढ्यावरून बदल सुधारणा ठरत नाही. नवजात बालकांच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानी घ्यावे लागते, कारण ज्याच्यावर बदल केला जातो त्याला बोलता येत नाही. प्राणवायूचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१९४० नंतर अमेरिकेतील सुसज्ज रुग्णालयांत अकाली जन्मलेल्या बालकांना बंद पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू देण्याची प्रथा रूढ झाली. त्याने बालकांचा रंग सुधारे, श्वास नियमित होई. परंतु १९४२ साली बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी अशा बालकांतील एका नव्या अंधत्वाची नोंद केली. पुढील बारा वर्षांत जगात सुमारे १०,००० बालके दृष्टीस मुकली. जेथे साधने अधिक, तेथेच हे अंधत्व अधिक! १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखविले. त्याच सुमारास वॉशिंग्टन येथील एका रुग्णालयात प्राणवायू कमी देऊन पाहिला जात असता रात्रपाळीच्या काही परिचारिका कळवळ्याने तो गुपचूप वाढवीत. त्यांची माया खरी होती. घाला मात्र बालकांच्या डोळ्यांवर पडत होता.

१९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनेने दोष सिद्ध झाला. त्यानंतर प्राणवायूवर सरसकट कडक मर्यादा आली. अंधत्व घटले, पण श्वासाच्या विकाराने दगावणारी बालके वाढली. तुलनेत बालके जन्मानंतर ४८ तासांनी घेतली होती, त्यामुळे त्याआधीचे मृत्यू हिशेबात आलेच नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासातही कमी प्राणवायूने डोळे वाचले, मृत्यू मात्र वाढले. आणि आईबापांना या धोक्याची पुरेशी कल्पना दिली होती काय, यावर २०१३ मध्ये मोठा वाद झाला.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा आपल्या देशात दंडक आहे. बालक बहुधा त्याआधीच घरी जाते. दूध पिते, वजन घेते. मग शेतीच्या हंगामात पुन्हा जिल्ह्याच्या गावी कशासाठी जायचे, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा कागदावर तारीख लिहून भागत नाही. सीमाभागात तर कागदाची भाषा एक आणि आईची दुसरी असू शकते. न आल्यास काय गमवावे लागेल, हे तिला तिच्या बोलीत सांगावे, गावच्या आरोग्यसेविकेस कळवावे, आणि किती बालके तपासली या रकान्याशेजारी किती आली नाहीत हाही रकाना नोंदवहीत ठेवावा.