चित्रवर्णी ठेंगणी तगर

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील निघोज्यासारख्या गावी, जेथे कारखान्याच्या आवारात काय किंवा नव्या घराच्या अंगणात काय, बागेच्या वाट्याला जमिनीची अरुंद पट्टीच उरते, तेथे ठेंगणी चित्रवर्णी तगर हे सदाहरित झुडूप अवश्य लावण्याजोगे आहे. देवपूजेच्या शुभ्र तगरीचाच हा आटोपशीर वाण. त्याच्या हिरव्या पानांना दुधी रंगाची कड असते आणि पान खुडताच देठातून पांढरा चीक पाझरतो.

त्या दुधी भागात हरितद्रव्य जवळजवळ नसल्यामुळे अन्ननिर्मिती कमी होते, वाढ संथ राहते आणि वारंवार कातरणी करण्याचे श्रमही वाचतात. हा वर्णविशेष बियांतून खात्रीने उतरत नाही. म्हणून पावसाळ्यात अर्धवट पक्व फांद्यांची फाटेकलमे लावूनच त्याची अभिवृद्धी करावी. क्वचित निव्वळ हिरवा फुटवा निघतो. तो अधिक जोमदार असल्याने कालांतराने सबंध झुडूप व्यापतो, यास्तव दिसताच बुडापासून छाटावा.

असे वाण निवडून जोपासणाऱ्यांचे श्रम मोलाचे असतात. अधिसूचित प्रजातींतील नव्या वाणाच्या जनकास २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये नोंदणीचा हक्क मिळतो, हेही रोपवाटिकाधारकांनी ध्यानी ठेवावे.