मुकी चूक आणि स्क्रिप्टचा साचा

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा क्रमवार लिहून ठेवल्या कीं त्यांची ‘स्क्रिप्ट’ होते. नागपूर-रायपूर रस्त्यावरील साकोली हें धानाच्या मुलखांतलें तालुक्याचें गांव. तेथील एखादा विद्यार्थी घरच्या धानाच्या पोत्यांचें वजन मिळविणारी स्क्रिप्ट पायथॉन भाषेंत लिहावयास बसला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. गुइदो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली ही भाषा नवशिक्यांस सोपी वाटते. तरी पहिल्या दिवशीं पडद्यावर उत्तरांपेक्षां चुकांच्या सूचनाच अधिक उमटतात.

त्या सूचनांना भिण्याचें कारण नाहीं. शेवटची ओळ आधीं वाचावी. चुकीचा प्रकार तेथें असतो, आणि ओळीचा क्रमांक तिच्या वर. बहुधा अटीच्या शेवटीं द्यावयाचे दोन टिंब राहून गेलेले असतात, किंवा आंतल्या ओळी सारख्या अंतरानें सरकविलेल्या नसतात. मराठी विद्यार्थ्याची एक खास चूक म्हणजे कळफलक देवनागरींतच ठेवून आज्ञेंत ‘४०’ लिहिणें. पायथॉन तो आंकडा नाकारते. मौज अशी कीं, तोच आंकडा स्क्रिप्ट चालू असतांना विचारून पूर्णांकांत बदलून घेतला, तर ती तो निमूटपणें स्वीकारते!

खरा धोका बोलणाऱ्या चुकीचा नव्हे, मुक्या चुकीचा. विचारून घेतलेलें उत्तर पायथॉनच्या हातीं अक्षरें म्हणूनच येतें. एका पोत्याचें वजन ४० किलो, दुसऱ्याचें ३५. पूर्णांकांत न बदलतां त्यांची बेरीज मागितली, तर ७५ ऐवजीं ४०३५ मिळतात, आणि सूचना कांहींच येत नाहीं. ही चूक निदान डोळ्यांत तरी भरते. परंतु यादींतील मोजणी शून्यापासून सुरू होते हें विसरून एकापासून आरंभ केला, तर पहिलें पोतें गळतें व हिशेब खराच वाटतो. विक्रीच्या दिवशीं तेवढें धान घरच्यांच्या पदरचें जातें.

म्हणून नवी स्क्रिप्ट कोऱ्या पानावर आरंभण्यापेक्षां एक साचा तयार ठेवावा. वर उद्देश, मग माहिती घेऊन ती पूर्णांकांत बदलणारा भाग, पुढें हिशेब, आणि शेवटीं उत्तर आधींच ठाऊक असलेलें एक उदाहरण : ४० व ३५ यांचे ७५ न आल्यास स्क्रिप्टनें तेथेंच थांबावें. पोत्याची गळतीही तेथेंच उघडी पडते. साचा दुसऱ्याकडून घेतला असेल, तर त्यांतील प्रत्येक ओळीचा अर्थ आधीं लावावा. विटांच्या साच्यालाच बांक असला तर सारी भट्टी वांकड्या विटांची निघते. मूळ प्रत निराळी ठेवून नकलेवर काम करावें, आणि साच्यांतलीच चूक सांपडली तर ती मूळ प्रतींतही त्याच दिवशीं दुरुस्त करावी.