१,६८,००० मैल चाललेली गाडी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तो मी परस्पर बदलला, त्याबद्दल आधी माफी मागतो. वाटचालीत सांगण्यासारखं फार नाही. ओहायोत तीस वर्षं नोकरी केली, दोन मुलं शिकली, डोक्यावरचे केस गेले. मी आज एका जुन्या मोटारीबद्दल बोलणार आहे. मोटारीचं काय एवढं, असं वाटेल. पण शेवटी ती गाडी आपल्या शाळेतच येऊन थांबते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, मी वहीच्या मागच्या पानावर मोटारींची चित्रं काढायचो. दोन सीटची, छप्पर नसलेली, बुटकी मोटार. नोकरी लागल्यावर गाड्या घेतल्या त्या सगळ्या घरच्या. मागे मुलांच्या खुर्च्या, डिकीत किराणा. मुलं बाहेर पडली आणि मी हिला म्हटलं, आता ती घेऊ या. ही म्हणाली, “घ्या. पण त्यात बसलात तर उठाल का? गुडघे विचारा आधी.” प्रश्न रास्त होता.

मला हवी होती माझदा कंपनीची मियाटा. जपानमधल्या हिरोशिमाची ही कंपनी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली. त्याआधी अशा छोट्या उघड्या गाड्या म्हणजे इंग्लंडची मिरासदारी. त्या दिसायला झकास, पण ऑइल गळणार आणि पावसात बंद पडणार अशी त्यांची ख्याती. जपान्यांनी तीच मजा ठेवली आणि रोज सकाळी चालू होईल अशी गाडी केली. वजन जेमतेम टनभर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. ‘जिंबा इत्ताई’ असा एक जपानी शब्द ते वापरतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. २०१६ साली दहा लाखावी गाडी बाहेर पडली. एवढ्या गाड्या बनल्या, म्हणून माझ्यासारख्याला जुनी तरी परवडते.

मी शोध सुरू केला. पहिली गाडी मिळाली ती लालभडक, ६१,००० मैल चाललेली, किंमत नऊ हजार डॉलर. दुसरी पांढरी, १९९५ ची, १,६८,००० मैल चाललेली, म्हणजे पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. किंमत साडेपाच हजार. मी शिकलेला माणूस. दोन आकडे बघितले आणि लाल गाडी घ्यायचं ठरवलं. बयाणा द्यायच्या आदल्या रात्री वाटलं, कुणाला तरी विचारावं. आणि मला आपल्या वर्गातल्या ‘त्या’ची आठवण झाली.

त्याचं नाव मी घेत नाही. घेऊ नकोस, असं त्यानंच बजावलंय. एसटी स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज आहे, आणि आत्ता तो तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलाय, तेव्हा तुम्हाला कळलंच. वर्गाच्या ग्रुपवर त्याचा नंबर होता. चाळीस वर्षांत मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. तिथले सकाळचे साडेआठ, इथले संध्याकाळचे सहा. पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, “बोल लेका. गाडी कुठं उभी आहे?” इतक्या वर्षांनी बोलतोय वगैरे काही नाही. व्हिडिओ चालू केला आणि परीक्षा सुरू.

“आधी बॉनेटवर हात ठेव. गरम आहे? मग मालकानं आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचं असतं. सेल्फ मारल्यावर पहिल्या दहा सेकंदांत गाडी खरं बोलते.” लाल गाडीचं बॉनेट गरम होतं.

मग त्यानं पॅडल दाखवायला सांगितले. क्लचच्या पॅडलचं रबर एका बाजूनं गुळगुळीत झालेलं, सीटची कड फाटलेली, स्टिअरिंग चकचकीत. “साठ हजार मैलांत एवढी झीज होते का? होईलही. पण मग कागद दाखवायला सांग.” मधल्या सहा वर्षांचा एकही कागद नव्हता. त्या गाडीचा टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, त्याची पावती नाही. शेवटी त्यानं लोहचुंबक लावायला सांगितलं. मी घरातल्या फ्रिजवरचा नेला होता. दारापाशी चिकटला. मागच्या चाकाच्या पुढं, खालच्या पत्र्यावर लावला, तर खाली पडला. तो म्हणाला, “लांबी भरलीय. आत पत्रा सडलाय. चल, निघ तिथून.”

त्याचं कारण मी नंतर वाचलं. या गाडीच्या कापडी छपराचं पाणी दारांमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी आतच साठतं आणि नेमका तोच पत्रा कुजतो. त्यात ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या मित्रानं ती गाडी आयुष्यात पाहिली नव्हती. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, “पाणी वरून खालीच जातं ना? मग सगळ्यात खाली बघायचं.”

पांढरी गाडी एका निवृत्त नर्सबाईंची होती. त्यांनी गाडी १९९९ मध्ये घेतलेली. बॉनेट थंड होतं. चालू केली तर वरून टकटक आवाज आला. मी घाबरलो. त्यानं फोन इंजिनजवळ धरायला लावला, मिनिटभर ऐकलं. आवाज विरत गेला. “टॅपेट आहेत, ऑइल चढलं की गप्प होतात. धूर बघ.” धूर नव्हता. चुंबक सगळीकडे चिकटला. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून धुरकटलेली, क्लच थोडा वर धरत होता, टायर जुने. टायर किती जुने ते कसं बघायचं, हेही त्यानंच शिकवलं. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

मग बाईंनी एक जाड फाईल आणली. चोवीस वर्षांच्या पावत्या तारखेवार. आणि सगळ्यात वर स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद. त्यात लिहिलं होतं, २००८ च्या उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता, मी दुर्लक्ष केलं, इंजिन तापलं, हेडगॅस्केट गेलं, चूक माझी. खाली दुरुस्तीची तारीख आणि खर्च. बाई म्हणाल्या, “हे आधी वाचा, मग भाव बोला.”

मी वाचून दाखवलं. फोनवर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ही घे.” मी म्हटलं, अरे, इंजिन तापलेलं आहे, शिवाय मैल तिप्पट आहेत! तो म्हणाला, “मैलांनी गाडी मरत नाही, लपवण्यानं मरते. हिचं काय बिघडलं होतं ते आपल्याला माहीत आहे. लाल गाडीचं काय बिघडलंय ते कुणालाच माहीत नाही.” तरी त्यानं तिथल्या एका मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्यायला लावलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, एक दुसऱ्यापेक्षा फार खाली नको, हा त्याचा नियम. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यावर अपघातात भंगारात काढल्याचा शिक्का नाही ना, तेही पाहिलं. आणि निघताना म्हणाला, “किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेव. जुनी गाडी पहिल्या वर्षी ते मागतेच.” मागितले. टायर, बेल्ट, पाण्याचा पंप, सगळे पाइप. हिशेब बरोबर निघाला.

तर गाडी आली. आम्ही दोघं रविवारी फिरतो. ही हात दिल्याशिवाय उतरू शकत नाही, आणि मी हात देण्याआधी मलाच दार धरून उठावं लागतं.

पण त्या कागदानं माझी झोप गेली. ‘चूक माझी’ हे दोन शब्द. का, ते आता सांगतो.

आपण नववीत होतो. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात प्रयोगशाळेतला नवा ॲमीटर जळाला होता, आठवतं? सरांनी विचारलं, कुणी केलं? कुणी बोललं नाही. ज्याचे हात सतत उपकरणांत असायचे, त्याचं नाव पुढं आलं. त्याला छड्या बसल्या. त्याच्या वडिलांनी भरपाईचे पैसे दोन हप्त्यांत भरले. आणि उरलेलं वर्षभर त्याला उपकरणांना हात लावायची बंदी झाली. आपण प्रयोग करायचो, तो दाराशी उभा राहून बघायचा. सर आज हयात नाहीत, आणि त्यांचा दोषही नाही. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर त्यांनी निर्णय घेतला.

तो ॲमीटर मी जाळला होता. पुस्तकात लिहिलं होतं, ॲमीटर नेहमी एकसर जोडायचा. मी तो घाईत सरळ बॅटरीच्या दोन टोकांना जोडला. सुई आपटली, वास आला, आणि मी वायरी काढून जागेवर जाऊन बसलो. माझा पहिला नंबर होता. माझ्यावर कुणाचा संशय येणार नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी गप्प बसलो.

गाडी घेतल्यावर महिन्यानं मी त्याला फोन करून हे सांगितलं. सांगताना घसा सुकला. तो म्हणाला, “माहीत होतं. त्या टेबलावर तूच होतास. आणि दुसऱ्या दिवशी सुई वाकलेली बघितली, तेव्हाच कळलं कसा जोडला असेल.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, “माझं कुणी ऐकलं असतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.”

म्हणून मी विषय बदलून घेतला. त्या वर्गातले बेचाळीस जण आज इथं आहेत. ॲमीटर त्यानं जाळला नाही. मी जाळला. चूक माझी. ही नोंद स्मरणिकेतही छापावी, अशी संपादकांना माझी विनंती आहे.

हे ऐकून त्याचं ते वर्ष परत येणार नाही, याची मला जाणीव आहे. ज्याचे हात वर्गात सगळ्यांत चांगले होते, तोच वर्षभर दाराशी उभा राहिला.

आता शेवटचं. कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तर त्याला जरूर विचारा. फक्त संध्याकाळी सहानंतर फोन करा. दिवसा त्याचे हात ऑइलमध्ये असतात. आणि गाडी बघायला जाताना फ्रिजवरचा चुंबक विसरू नका.