हरभऱ्याच्या मुळाशी

बक्षिसांची वाट पाहत बसलेल्या मुलामुलींनो,

येताना रस्त्याकडेला हरभऱ्याचं शेत लागलं. मालकांना विचारून हे रोप मुळासकट उपटून आणलंय. मुळांवर या बारीक गाठी दिसतात ना, आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन हवाच असतो, पण हवेतला त्याला घेता येत नाही, इतके त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन, आठाला तीन कमी. म्हणून दोन्ही अणू प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन सामाईक करतात. त्या सहांना दोन्ही केंद्रकं आपापल्याकडे ओढतात. वहीत आपण तीन रेघा मारतो, पण तिथे दोरी नाही की आकडा नाही. आहे ती ही ओढ.

बंध तुटला की त्यातली ऊर्जा बाहेर पडते, असं पुष्कळ मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. मुलांनो, तोडायला ऊर्जा घालावी लागते; बाहेर पडते ती नवा बंध जुळताना. मोठ्या बादलीत मावेल एवढा, म्हणजे 28 ग्रॅम नायट्रोजन घ्या. त्याचे सगळे बंध तोडायला 945 किलोज्यूल लागतात. तेवढ्यात पावणेतीन लिटर गार पाण्याला उकळी येईल!

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी 1913 साली त्याचा कारखाना सुरू झाला. आपला युरिया त्याच वाटेनं येतो. त्यासाठी लोहाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट दाब लागतो.

या गाठीतले जिवाणू तोच बंध थंडीतल्या शेतात, ओल्या मातीत सोडवतात. फुकट नाही हं. त्याचं मोल रोप आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेनं चुकवतं. काम करतं नायट्रोजिनेज नावाचं विकर. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. ते हे नेमकं कसं साधतं, याचे सगळे बारकावे संशोधकांना अजून उलगडलेले नाहीत. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तरी अशी गाठ हातात घेतली की माझं मन भरून येतं.

रोप इथे टेबलावर ठेवून जातोय. बक्षीस घ्यायला वर याल तेव्हा एखादी गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे.